अक्काचा फेर

तिच्या मराठीला बाई आणि पुरुष असा भेद ठाऊक नव्हता. 'मी येतो', 'मी सांगतो', 'तू जेवला का' असं ती मला म्हणायची, आणि नवऱ्याला कधी कधी 'कुठं गेली होती' म्हणून विचारायची. घरात आणि कामगारांशी तेलुगू, भाजीवालीशी सोलापुरी मराठी, समोरच्या शिंप्याशी दखनी उर्दू. भांडण निघालं की तिन्ही एकदम.

मोठ्या दुष्काळाच्या वर्षी मी मंद्रूपहून सोलापुरात आले. मुलींच्या शाळेत नोकरी लागली होती आणि पूर्व भागातल्या तिच्या घराची वरची खोली भाड्यानं मिळाली होती. खाली चार मागांचा कारखाना, त्याला लागून त्यांच्या दोन खोल्या, आणि मागांच्या खडखडाटावर तरंगत असल्यासारखी माझी खोली. पहिले आठ दिवस मला झोप नाही. नवव्या दिवशी वीज गेली, माग थांबले, तर त्या शांततेनंच मी दचकून उठले. खाली येऊन हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की पलंग करकरला. म्हणाली, आता तू सोलापूरचा झाला.

सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची. तेलुगूत थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला बावा म्हणतात, म्हणून तिचा नवरा सगळ्यांचा बावा. हा बावा सुतासारखा बारीक, अबोल माणूस. दिवसभर मागांच्या मधून फिरायचा, आणि त्याचा सगळा आवाज जणू मागांनीच वापरून टाकला होता. त्यांना मूलबाळ नव्हतं.

अक्का खूप लठ्ठ होती. हे आडवळणानं सांगितलेलं तिला आवडलं नसतं. दर दसऱ्याला कारखान्यातल्या सुताच्या मोठ्या काट्यावर ती स्वतःला तोलून घ्यायची. एका पारड्यात ती, दुसऱ्यात बावा सुताची बंडलं चढवतोय, कामगार भोवती उभे. पारडं हललं की ती सगळ्यांना पेढे वाटायची. 'घरात भरभराट आहे की, दिसायला नको?' असं तिचं म्हणणं.

पण एरवी ती पलंगावरून फारशी उठत नसे. तो पलंग बावानं जुन्या हातमागाच्या लाकडातून तिच्यापुरता बनवून घेतला होता. तिथं बसून तिचा सगळा कारभार चाले. शेजारी एक लांब बांबू असायचा. त्यानं ती वरच्या तक्तपोशीवर ठोकायची. एकदा ठोकलं की खाली ये, दोनदा म्हणजे नळाला पाणी आलं, तीनदा म्हणजे तुझ्याकडे कोणी आलंय. कारखान्याची भिंत मध्ये असूनही कुठल्या मागाचा धागा तुटला ते तिला आवाजावरून कळायचं. बोलता बोलता ती हात वर करून थांबायची आणि ओरडायची, दोन नंबर बघा. कामगार दोन नंबरकडे धावायचा, आणि धागा खरोखरच तुटलेला असायचा.

एकट्यानं जेवणं म्हणजे चोरी, असं ती मानायची. त्यामुळे घरात येईल त्याच्याबरोबर ती जेवायची. सकाळी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांबरोबर भाकरी आणि शेंगांची चटणी, मग बावाबरोबर भात, मग शिंप्याची बायको आली की तिच्याबरोबर, आणि मी शाळेतून आले की माझ्याबरोबर. पाच माणसं आली की पाच जेवणं. कोणी उपाशी परत गेलं नाही, आणि ती स्वतः कधी उपाशी राहिली नाही.

मी शाळेत मराठी शिकवायची. पी.टी.चा तास कोणी घेईना म्हणून नव्या आलेल्या माझ्या गळ्यात पडला होता. मला स्वतःला व्यायामाचा गंध नव्हता. गळ्यात शिट्टी अडकवून मी मुलींना 'एक-दोन, एक-दोन' करायला लावायची, एवढंच. ती शिट्टी अक्कानं पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून मागून घेऊन वाजवून पाहिली होती. तेव्हापासून मी तिची 'पंतुलम्मा', म्हणजे मास्तरीणबाई.

कधीतरी दुपारी ती तिच्या लहानपणाचं सांगायची. परकर-पोलक्यातली होती तेव्हा बतकम्माच्या फेरात ओळ टाकायचा मान तिचा असे. ती एक ओळ गायची आणि पन्नास बायका ती उचलायच्या. पाय जमिनीला लागत नव्हता, म्हणायची. सांगताना ती पलंगावर बसल्या बसल्या टाळी वाजवून दाखवायची. एक टाळी खाली, एक वर. तिचे हात इतके हलके पडायचे की बाकीचं अंग कुणा दुसऱ्याचं वाटावं.

पितृपक्ष संपतो त्या अमावास्येपासून अष्टमीपर्यंत पूर्व भागात संध्याकाळी बायका बतकम्मा खेळतात. तरवडाची पिवळी फुलं, कुरडूचे तुरे, झेंडू यांचा थाळीत गोल गोल थर रचून मनोरा करायचा, शेंड्यावर हळदीची गौर बसवायची, आणि तो मनोरा मध्ये ठेवून भोवती फेर धरायचा. एक टाळी वाकून, एक उभं राहून, एक पाऊल पुढे. गाण्याच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी 'उय्यालो', अशी झोपाळ्याला हाक. मंद्रूपात मी हे कधी पाहिलं नव्हतं. माझ्या तिथल्या पहिल्या वर्षी, अवतीभवती सगळं करपलेलं असताना, तरवड मात्र फुलला होता. बायका टोपल्या भरून आणत होत्या.

अक्का दारात खुर्ची टाकून बसली होती. गेली कित्येक वर्षं ती तिथंच बसत होती. तिचा एक पाय ठेका धरत होता. तेवढ्यात गल्लीत नवीन लग्न होऊन आलेली एक सून पुढे आली आणि म्हणाली, अक्का, तुम्ही दारात कशाला, मध्येच बसा की. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. चार बायकांनी खुर्ची धरली, अक्का कशीबशी चालत मध्ये गेली, बसली, आणि फेर तिच्याभोवती सुरू झाला. कोणीतरी हसून म्हणालं, आवंदा आपली बतकम्मा बोलती हाय. सगळ्या हसल्या. सगळ्यात मोठ्यानं अक्का हसली. मी समोरच होते. तिचे हात टाळ्या वाजवत होते, पण पाय तिनं खुर्चीखाली ओढून घेतले होते.

त्या संध्याकाळी माझ्या माहितीत पहिल्यांदाच ती कोणाबरोबरही जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांबू वाजला. मी खाली गेले तर ती न्हाऊन, केस बांधून बसली होती. पत्र लिहायचं आहे म्हणाली. बावाचा एक चुलतभाऊ मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात वॉर्डबॉय होता. त्यानं कुठल्याशा लग्नात सांगितलं होतं की तिथं परदेशात शिकून आलेला एक डॉक्टर आहे, तो लठ्ठ माणसाचं आतडं वरच तोडून पार शेवटच्या टोकाजवळ जोडतो. मोठा भाग बाजूला पडतो, खाल्लेलं अंगी लागत नाही, माणूस उतरत जातो. लग्नात सगळ्यांनी हे हसण्यावारी नेलं होतं. अक्कानं ते दोन वर्षं मनात ठेवलं होतं.

मी पत्र लिहिलं. उत्तर आलं, की आणून दाखवा, मग बघू. ते मी वाचून दाखवलं तेव्हा बावा मागचं दार धरून उभा होता. मी त्याचं एवढं लांब वाक्य त्याआधी ऐकलं नव्हतं.

"माणूस म्हणजे कापड नव्हे," तो म्हणाला, "लांब झालं म्हणून कापून आखूड करायला."

"कापड असतं तर मीच कापला असता," अक्का म्हणाली. "तुला विचारला नसता."

पंधरा दिवस दोघांत बोलणं नव्हतं. गल्लीनं आपापलं मत दिलं. देवानं दिलेलं अंग, पोट फाडून घ्यायचं म्हणजे काय, मूल नाही बाळ नाही, आता या वयात बारीक होऊन दाखवायचं कुणाला? शेवटी बावानंच एक दिवस ट्रंक खाली काढली.

मुंबईत काय झालं ते मला नंतर बावाकडून कळलं. डॉक्टरनं काही लपवलं नव्हतं. यात माणूस दगावू शकतो, वाचला तरी पुढे काविळीसारखी, खड्यांची दुखणी निघू शकतात, खात्री कशाचीच नाही, असं त्यानं दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, मला नाचता येईल का? डॉक्टर हसला. ती हसत नाही हे बघून त्यानं संमतीचा कागद पुढे केला. कागदावर बावानं सही केली, अक्कानं अंगठा दिला.

अडीच महिन्यांनी स्टेशनवरून टांगा आला. ती माझ्या देखत टांग्यातून आपली आपण उतरली. ती बारीक झाली नव्हती, रिकामी झाली होती. दंडाची कातडी लोंबत होती, गाल बसले होते. पुढच्या काही महिन्यांत ती आणखी उतरत गेली. खाल्लेलं थांबत नसे, अंगणातल्या संडासाकडे दिवसातून कितीदा तरी जावं लागे. केसांची वेणी बोटाएवढी झाली. समोरची शिंपीण येऊन गेली की बाहेर जाऊन म्हणायची, व्हतं ते बरं व्हतं. अक्काला ते ऐकू जायचं. तिचा कान तेवढा होता तसाच राहिला होता.

जेवणाची रीतही तिनं सोडली नाही. आता येईल त्याच्याबरोबर ती एकच घास खायची, आणि त्याचं जेवण होईपर्यंत तो चघळत बसायची.

डॉक्टरनं एक कागद दिला होता. इंग्रजीत होता, म्हणून तो माझ्या ताब्यात आला. आधी पलंगावर पडून पाय हलवायचे, मग खोलीत चालायचं, मग अंगणात. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, दम लागला की थांबायचं. सगळ्यात खाली वेगळ्या शाईत एक ओळ होती. सहा महिन्यांनी, हळूहळू, थोडं नाचायला हरकत नाही. ती ओळ रोज वाचून दाखवावी लागे. मी कंटाळून एक दिवस म्हटलं, अक्का, तीच आहे, बदललेली नाही. ती म्हणाली, तुझं काय जातंय वाचायला.

पी.टी.ची मास्तरीण घरातच असल्यामुळे व्यायाम मीच घ्यायचा हे तिनं ठरवून टाकलं. मला त्यातलं काही येत नाही, मी शाळेत नुसती शिट्टी वाजवते, असं मी सांगून पाहिलं.

"मग हितं पण वाजव की," ती म्हणाली.

शाळेतून आले की चहा पिऊन मी शिट्टी घेऊन खाली जायची. अंगणात चालायला ती तयार नव्हती, गल्ली बघते म्हणून. ती कारखान्यात चालायची, दोन मागांच्या मधल्या वाटेनं. मागांचा ठोका ठरलेला असतो, त्यावर तिचं पाऊल पडायचं. एका टोकाला स्टूल ठेवलेलं. मी शिट्टी वाजवली की निघायचं, दुसऱ्या शिट्टीला परत. कामगार मान वर करत नसत. बावा लांबून बघत असायचा, आणि ती वळताना अडखळली की त्याचा हात आपोआप हवेत पुढे व्हायचा. 'मेल्लगा, मेल्लगा,' तो पुटपुटायचा, म्हणजे हळू, हळू. वीज गेली की माग बंद पडायचे आणि तिचं पाऊल उचललेलं तसंच राहायचं. ठोक्याशिवाय ती चालायची नाही. वीज येईपर्यंत आम्ही अंधारल्या कारखान्यात स्टुलावर बसून राहायचो.

चौथा महिना असेल. मी वळून घड्याळ बघत होते तेवढ्यात तिनं ते केलं. वाकली, टाळी वाजवली, उभी राहिली, पाऊल टाकलं, पुन्हा वाकली आणि तशीच खाली बसली. बसली म्हणजे पडलीच. डोकं मागाच्या लोखंडाला थोडक्यात चुकलं. बावानं धावत जाऊन बटण बंद केलं. चारही माग थांबले. तिला पलंगावर नेलं, पाणी मारलं, ती शुद्धीवर आली. मग बावा माझ्याकडे वळला. ओरडला नाही. उद्यापासून शिट्टी नको, एवढंच म्हणाला.

मी वर गेले. मला अपराधी वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटत होतं. तीन आठवडे मी शाळेतून आले की सरळ जिना चढायची. बांबूही वाजला नाही. एक दिवस जिन्यावर पावलं वाजली. बावा दारात उभा. तो वर पहिल्यांदाच आला होता. खोलीत यायला तयार नव्हता. म्हणाला, ती भिंतीकडे तोंड करून झोपते, माग बिघडला तरी सांगत नाही. काल तीन नंबर दोन तास चुकीचा चालला, तिला कळलं, पण ती बोलली नाही.

"पंतुलम्मा, शिट्टी घेऊन या," तो म्हणाला. "पडली तर मी धरीन."

पुन्हा सुरू झालं. आता बावा तिच्या शेजारून चालायचा. कामगारांसमोर बायकोबरोबर असं चालायला त्याला किती जड गेलं असेल ते मला तेव्हा कळलं नाही.

एका सुट्टीच्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला शिट्टी घेऊन उतरले. कारखाना बंद होता, पण आतून गुणगुणणं ऐकू येत होतं. खिडकीतून बघितलं. टोपली पालथी घालून तिच्यावर पिवळ्या सुताचे कोन रचून ठेवले होते, आणि त्याच्याभोवती ती दोघं फिरत होती. गाणं बावा म्हणत होता. इतकी वर्षं दाराआडून ऐकून त्याला सगळी गाणी पाठ झाली असणार. अक्काला वाकायची मनाई होती, म्हणून ती छातीपाशीच टाळी वाजवत होती, आणि वाकायच्या जागी तो वाकत होता. धोतराचा सोगा खोचलेला, घामाघूम. त्याचा पाय चुकला की ती तेलुगूत रागवायची, तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. मी शिट्टी न वाजवता वर गेले आणि खोलीचं दार लावून घेतलं.

त्या वर्षी अमावास्येला तिनं लग्नातली हिरवी साडी काढली. ती आता दोनदा गुंडाळावी लागली. बायका अंगणात जमल्या. लांबून आलेल्या एक-दोघींनी तिला ओळखलंच नाही. ती फेरात उभी राहिली आणि मला हाताला धरून शेजारी ओढलं. मी नको नको म्हणत होते. आमच्या घरात बायका नाचत नसत, आणि माझं अंग लाकडासारखं. तिनं हात सोडला नाही.

ओळ टाकायचा मान बायकांनी तिलाच दिला. तिनं गायला तोंड उघडलं. पूर्वी पलंगावर बसून ती साधी हाक मारायची तेव्हा गल्लीच्या टोकाला ऐकू जायची. आता बारीक, फाटका आवाज आला आणि अर्ध्या ओळीत थांबला. मग पलीकडच्या, गेल्या वर्षी तिला मध्ये बसायला सांगणाऱ्या त्याच सुनेनं ओळ पुढे नेली. अक्कानं मान डोलावली आणि तिच्या मागून बाकीच्यांबरोबर म्हणू लागली. सगळ्या वाकत होत्या, ती ताठ राहून छातीपाशी टाळी वाजवत होती. तीन फेरे झाले आणि ती बाहेर पडून पायरीवर बसली. मी पाठोपाठ गेले. दमलात का विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "मला वाटला होता, हे सगळा अंग गेला की आतून ती पोरगी निघंल. परकरातली. ती कुठं निघाली? ही कोण म्हातारी निघाली."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"पण हिचे पाय चांगले आहेत," ती म्हणाली, आणि उठून पुन्हा फेरात गेली.

त्यानंतर अक्का घरात सापडेनाशी झाली. इतकी वर्षं न चाललेलं ती चालून घेत होती. सिद्धेश्वराला, मंडईत, भावकीत, कोणाच्या बारशाला, कोणाच्या मयताला, सगळीकडे पायी. एकदा माझ्या शाळेच्या कुंपणाशी उभी राहून तिनं माझा पी.टी.चा तास बघितला. दुसऱ्या दिवशी सरळ आत आली. म्हणाली, तू पोरींना हात हलवायला शिकवतो, पोरी हसत का नाहीत? आणि तिनं चाळीस मुलींना मैदानात फेर धरायला लावलं. मुख्याध्यापिका बाहेर आल्या, बाहेरच्या बाई आत कशा म्हणून विचारू लागल्या. अक्कानं त्यांना नमस्कार केला. मी बाहेरचा नाही, म्हणाली, मी हिच्या खालचा आहे. बाईंना राग धरता आला नाही. पुढे महिन्यातून एकदा तो फेर होत राहिला, आणि मलाही, हळूहळू, पाऊल टाकता यायला लागलं.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. मी टेंभुर्णीला गेले, नोकरी सुटली. निघताना अक्का स्टँडवर आली होती, पण गाडी सुटायच्या आधीच निघून गेली. तिला सुटणारी गाडी बघवत नसे.

ती गेल्याचं मला बावाच्या कार्डानं कळलं. कार्ड पोचलं तेव्हा दहावा होऊन गेला होता. डॉक्टरनं सांगितलं होतं तसंच झालं. पिवळी पडत गेली, पोटात पाणी झालं. मी मुलीला घेऊन सोलापूरला गेले. बावा आणखी बारीक झाला होता, माग दोनच चालू होते. त्या कागदावर सही केल्याचं वाईट वाटतं का, असं विचारायचं मी ठरवलं नव्हतं, पण विचारलं गेलं. तो पलंगाकडे बघत होता.

"पाच वर्षं ती जाग्यावर नसायची," तो म्हणाला. "मला कारखाना सोडून शोधायला जावं लागायचं. लग्नाआधी जायचो तसं."

मला मात्र ती आठवते टेंभुर्णीची. तिच्या जाण्याच्या वर्षभर आधीची.

माझी आई मी लहान असतानाच गेली होती, त्यामुळे बाळंतपण सासरीच. ऐन वेळी अडलं म्हणून पंढरपूरच्या एका दवाखान्यात नेलं आणि पोट फाडून मुलगी झाली. घरी आणल्यावर सासूबाईंनी मला बाजेवर निजवलं. त्या मनानं चांगल्या. पोटाला टाके घातलेल्या बाईनं सव्वा महिना हलायचं नाही, अशी त्यांची पक्की समजूत. मी पडून पडून आढ्याकडे बघायची. अंग कुणाचं तरी वाटायचं. कारण नसताना रडू यायचं. असंच एकदा पडल्या पडल्या मी अक्काला कार्ड लिहिलं होतं, मुलगी झाली म्हणून.

एका दुपारी ती दारात उभी. एकटीच एस्टीनं आली होती. हातात पिशवी, पिशवीत आळिवाचे लाडू आणि बावानं मागावर विणलेलं लहानसं दुपटं. तिचे डोळे मला पिवळसर वाटले, पण उन्हातून आलीये म्हणून असेल असं वाटलं. घरात बाळ बघायला आलेल्या चार बायका बसल्या होत्या. सासूबाईंनी विचारलं, "ह्या कोन गं?"

आता त्या बायका जात विचारतील, गाव विचारतील, तिच्या बोलण्याला हसतील, असं सगळं एकदम मनात आलं.

"सोलापूरच्या घरमालकीण," मी म्हटलं.

अक्कानं माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे वळून मान हलवली. "व्हय. वरच्या खोलीत राहत होता ही. लई शांत भाडेकरू." बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

त्या गेल्या, सासूबाई चुलीकडे गेल्या, तेव्हा तिनं माझं पांघरूण बाजूला केलं. टाके बघितले. मग स्वतःचा पदर सारून आपल्या पोटावरची लांब, पांढरी पडलेली खूण दाखवली. "ऊठ," म्हणाली. मी सासूबाईंचं सांगितलं. ती म्हणाली, पोट कापलेल्या बाईला पोट कापलेल्या बाईनंच उठवावं.

तिनं मला कोपराला धरून उभं केलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. ती थांबली. मग आम्ही पाळण्याभोवती चालायला लागलो. एक पाऊल, थांबणं, एक पाऊल. तिनं छातीपाशी टाळी वाजवली, मुलगी उठू नये इतकी हलकी. मीही वाजवली. ती ओठातल्या ओठात गात होती. दुसऱ्या फेऱ्याला मला रडू फुटलं. तिनं विचारलं नाही, थांबवलंही नाही, फक्त गाणं थोडं मोठं केलं. तिसऱ्या फेऱ्यानंतर तिनं मला बाजेवर बसवलं.

"आज तीन. उद्या चार," ती म्हणाली, जणू उद्या ती असणारच होती.

तीनच्या गाडीला ती निघाली. मला उंबऱ्याच्या पुढे येऊ दिलं नाही. उंबऱ्यातून मी तिला जाताना बघितलं. भर उन्हात, पिशवी हलवत, तरण्या बाईसारखी झपाझप चालत ती वळणाआड गेली. मागे वळून बघितलं नाही.

सासूबाई चहा घेऊन आल्या. माझा चेहरा बघून त्यांनी कप खाली ठेवला. "घरमालकीन म्हनलीस न्हवं? मग येवढं रडायला काय झालं?"

ती माझी कोण होती ते त्यांना सांगायचं नव्हतंच, जिला सांगायचं ती स्टँडकडे गेली होती. गाडी वेळेवर कुठं सुटते, अजून उभी असेल, असं मनात आलं. सासूबाई मागून काही म्हणत होत्या. मी उंबरा ओलांडला, अंगण ओलांडलं, भिंतीला हात लावत वळणापर्यंत गेले. तिथून स्टँडचं छप्पर दिसत होतं. टाके ओढत होते, पण मी चालत राहिले. कंडक्टरनं घंटी मारल्याचं ऐकू आलं तेव्हा मी निम्म्या वाटेवर होते. त्याहून भरभर मला चालता येत नव्हतं.